लिफाफा पुन्हा मिळेल का?

गेल्या अंकात अपक्ष खासदारांवर मी सहज चार ओळी लिहिल्या आणि टपालाने सूड उगवला. बहुतेक पत्रं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात. पहिल्यांदा निवडून आलेल्या अपक्षाचं सगळ्यांना कौतुक असतं, पण तोच पाच वर्षांनी पुन्हा मतं मागायला आला की त्याचं काय होतं? निवडणूक शाखेत माझी एकतीस वर्षं गेली. अर्ज तपासले, अनामत रकमेच्या पावत्या फाडल्या, चिन्हांच्या चिठ्ठ्या केल्या. राजकारण कळतं असा माझा दावा नाही. टेबलाच्या अलीकडून जे दिसलं, ते सांगते.

ताई, २०२४ ला सांगलीतून विशाल पाटील लिफाफा चिन्हावर अपक्ष निवडून आले. पुढच्या वेळी ते अपक्षच उभे राहिले तर लिफाफा त्यांचाच ना? आम्हा दोघा मित्रांत पैज लागली आहे.

पैजेचे पैसे परत करा, दोघेही अर्धे बरोबर आहात.

लिफाफा हे मुक्त चिन्ह. मान्यताप्राप्त पक्षाचं चिन्ह निवडणूक संपली तरी पक्षाकडेच राहतं. अपक्षाचं चिन्ह निकाल लागला की परत यादीत जाऊन पडतं. त्या राज्याच्या यादीत ते पुढच्या खेपेला असलं पाहिजे, ही पहिली गोष्ट. मग अर्ज भरताना त्याने इतर सगळ्यांसारखी पसंतीक्रमाने तीन चिन्हं लिहायची. तेच चिन्ह आणखी कुणी मागितलं आणि मागणारे सगळे अपक्षच असले, तर निवडणूक आयोगाच्या १९६८ च्या चिन्ह आदेशात विद्यमान सदस्याची सोय आहे: तो त्याच चिन्हावर निवडून आला असेल तर चिठ्ठी न टाकता ते त्यालाच मिळतं. पण मागणाऱ्यांत नोंदणीकृत, अमान्यताप्राप्त पक्षाचा (म्हणजे नोंदणी आहे, पण स्वतःचं राखीव चिन्ह नाही अशा पक्षाचा) एक जरी उमेदवार असला तरी चिन्ह त्याच्याकडे जातं. मग तुम्ही पाच वर्षं खासदार असा नाहीतर पंधरा. ज्या पक्षाचं नाव वाचायला आम्हालाही चष्मा पुसावा लागतो, तो पक्ष तुमच्या पुढे.

हे मी एका विधानसभा निवडणुकीत समोर पाहिलं आहे (नियम दोन्हीकडे एकच). एक अपक्ष आमदार दुसऱ्यांदा उभे होते. चिन्ह कपबशी. पाच वर्षं त्यांनी कपबशीच जगली म्हणा ना. गाडीच्या काचेवर कपबशी, कार्यालयाच्या पाटीवर कपबशी. अर्जात पहिली पसंती कपबशी लिहिली, आणि उरलेल्या दोन जागी हाताला येईल ते: दुसरं कपाट, तिसरं शिलाई मशीन. माघारीची मुदत दुपारी तीनला संपली आणि चिन्हवाटप सुरू झालं. तेव्हा कळलं की कुठल्याशा पक्षाच्या उमेदवारानेही कपबशीच मागितली आहे. हा गृहस्थ सबंध दिवसात एक शब्द बोलला नव्हता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी आदेशाचा परिच्छेद वाचून दाखवला. आमदारांनी तो दुसऱ्यांदा वाचायला लावला. मग मला म्हणाले, "बाई, कपाटाची घोषणा काय द्यायची हो?" मी काय सांगणार. बाहेर पोरांनी कपबशीचे बॅनर गुंडाळायला घेतले होते.

ते पडले. फक्त चिन्हामुळे पडले असं मी म्हणणार नाही, पण जो माणूस मतदारसंघात फिरलासुद्धा नव्हता त्याच्या कपबशीत इतकी मतं पडली की मोजणीच्या टेबलावरचे आमचे कारकूनही एकमेकांकडे बघत होते. तेव्हापासून कुठलाही अपक्ष अर्ज घेऊन आला की मी एवढं विचारायची: तिन्ही चिन्हं विचार करून लिहिलीत ना?

आमचे अपक्ष खासदार निवडून आल्यावर महिन्याभरात एका मोठ्या पक्षाच्या व्यासपीठावर दिसू लागले. पक्षांतरबंदी अपक्षाला लागू नाही का? आणि आता तेच त्या पक्षाचं तिकीट मागत आहेत.

लागू आहे, आणि पक्षाच्या खासदारापेक्षा कडक लागू आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आली. तिच्यात नामनिर्देशित सदस्याला पक्ष निवडायला सहा महिने दिले आहेत. पक्षाच्या सदस्यांना दोन-तृतीयांश जमवून विलीनीकरणाची वाट आहे. अपक्षाला दोन्ही नाही. निवडून आल्यावर तो कुठल्याही पक्षात गेला की सदस्यत्व गेलं.

मग तुमचे खासदार व्यासपीठावर कसे? तर पाठिंबा देणं आणि प्रवेश करणं यात कायदा फरक करतो. पाठिंब्याचं पत्र देता येतं, सरकारच्या बाजूने मत देता येतं. कुठे पाठिंबा संपतो आणि कुठे प्रवेश सुरू होतो, यावर हरयाणात २००४ साली मोठा वाद झाला. तिथल्या काही अपक्ष आमदारांना अध्यक्षांनी अपात्र ठरवलं, आणि पुराव्यात होत्या त्यांनीच वाहिन्यांना दिलेल्या मुलाखती. आपण पक्षात गेलो, असं कॅमेऱ्यासमोर बोलून बसले होते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अपात्रता कायम ठेवली. म्हणजे सदस्यत्वाचा फॉर्म भरलेला नसला तरी वागण्या-बोलण्यावरून ठरवता येतं.

मुदतीचे शेवटचे आठवडे ही वेगळी गंमत. तेव्हा तक्रार कोण करणार आणि निकाल कधी लागणार? म्हणून बहुतेक उड्या त्याच वेळी पडतात.

तिकीट मागण्याबद्दल तुमचा राग मला कळतो, पण २०१९ च्या लोकसभेत आलेल्या चार अपक्षांचं पुढे काय झालं ते बघा. दादरा-नगर हवेलीचे मोहन डेलकर २०२१ मध्ये वारले. अमरावतीच्या नवनीत राणा २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर निवडून आल्या होत्या, २०२४ ला भाजपच्या तिकिटावर उभ्या राहिल्या आणि काँग्रेसच्या बळवंत वानखडेंकडून हरल्या. कर्नाटकातल्या मंड्याच्या सुमलता २०१९ ला तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलाला सव्वा लाख मतांनी पाडून आल्या होत्या. २०२४ ला त्या भाजपमध्ये गेल्या, पण जागा युतीत जनता दलाकडे (धर्मनिरपेक्ष) गेली आणि त्या उभ्याच राहिल्या नाहीत. कोक्राझारचे नबकुमार सरनिया यांचा अर्ज छाननीत बाद झाला, जमातीच्या दाखल्यावरून. चारांतला एकही अपक्ष म्हणून परत आला नाही. तिकीट मागणारा खासदार म्हणजे गद्दारच, असं मी म्हणत नाही ते यामुळे. त्यालाही हा हिशेब पाठ असतो.

पण अपक्ष म्हणून पुन्हा पुन्हा निवडून आलेलं कुणी आहेच का?

आहेत, आणि पहिलं नाव बिकानेरच्या करणीसिंहांचं. १९५२, ५७, ६२, ६७ आणि ७१ अशा पाचही लोकसभा निवडणुका अपक्ष म्हणून जिंकल्या. हे गृहस्थ नेमबाज होते, पाच ऑलिम्पिकमध्ये उतरले. पाच निवडणुका आणि पाच ऑलिम्पिक असा जोड दुसऱ्या कुणाचा मला ठाऊक नाही. आता तुम्ही म्हणाल, महाराजाला निवडून यायला काय लागतं. थोडं खरं आहे. पण त्या काळात संस्थानिक काही एकटेच उभे राहत नव्हते, आणि १९७१ ला इंदिरा लाटेत भलेभले वाहून गेले तरी ते टिकले.

दुसरं नाव मुंबईकरांच्या ओळखीचं. व्ही. के. कृष्ण मेनन. १९५७ आणि १९६२ ला काँग्रेसकडून उत्तर मुंबईचे खासदार. ६२ ला तर समोर आचार्य कृपलानी होते. १९६७ ला पक्षाने तिकीट नाकारलं, तेव्हा ते ईशान्य मुंबईतून अपक्ष लढले आणि स. गो. बर्व्यांकडून हरले. बर्वे थोड्याच दिवसांत वारले, पोटनिवडणूक लागली. मेनन पुन्हा उभे राहिले आणि या वेळी बर्व्यांच्या भगिनी तारा सप्रे यांच्याकडून हरले. इथे बाकी कुणी घरी बसला असता. मेनन १९६९ ला बंगालमध्ये मिदनापूरला जाऊन पोटनिवडणूक जिंकले, आणि १९७१ ला थेट त्रिवेंद्रमहून, पुन्हा अपक्षच. दोन्हीकडे डाव्यांचं बळ पाठीशी होतं. अपक्ष खासदार फेरनिवडणुकीला मतदारसंघच बदलून जिंकतो, हे मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. अपक्षाची मुळं त्याच्या मातीतच असतात, या आपल्या समजाला हा माणूस छेद देतो.

मनेका गांधी १९९८ आणि १९९९ ला पिलिभीतहून अपक्ष निवडून आल्या आणि मग भाजपमध्ये गेल्या. आसामचा कोक्राझार तर अपक्षांचं माहेरघरच आहे. सानसुमा खुंगूर बिस्वमुतियारी १९९८, १९९९ आणि २००४ अशा तिन्ही वेळा तिथून अपक्ष आले, बोडो संघटनांच्या जोरावर. पुढे २०१४ आणि २०१९ ला सरनिया आले ते बिगर-बोडो मतांवर. २०१४ च्या लोकसभेत एकूण तीनच अपक्ष होते. त्यांतले केरळचे जॉइस जॉर्ज २०१९ ला पुन्हा अपक्ष लढून हरले, अभिनेते इनोसंट मार्क्सवादी पक्षाच्या चिन्हावर लढून हरले, टिकले ते सरनिया.

या यादीकडे बघून माझं मत असं झालं आहे: पुन्हा निवडून येणाऱ्या अपक्षाच्या मागे बहुधा पक्षाशिवायचं एक घट्ट गाठोडं असतं. घराणं, जमात, एखादी चळवळ, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या पक्षाचा उघड पाठिंबा. पहिल्या वेळी राग पुरतो. "तिकीट नाकारलं, अन्याय झाला" यावर लोक एकदा भरभरून देतात. २००९ ला कोल्हापुरात सदाशिवराव मंडलिकांना दिलं, २०२४ ला सांगलीत दिलं. दुसऱ्यांदा रागाचं कारण संपलेलं असतं आणि समोर तुम्हीच सत्ताधारी असता.

अपक्षाला मत म्हणजे वाया घालवलेलं मत, असं माझं स्पष्ट मत आहे. कायद्यानेच त्यांना बंदी का घालत नाहीत?

तुमच्याच विचाराचे लोक विधी आयोगात होते. २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्यांनी अपक्षांना उभं राहू देऊ नये अशी शिफारस केली. ती अंमलात आली नाही, आणि मला त्याचं दुःख नाही.

गर्दीचा त्रास मात्र खरा होता. १९९६ ला देशभरात १०,६३५ अपक्ष उभे राहिले आणि ९ निवडून आले. त्या वर्षी बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार होते. सीमाप्रश्नावर मराठी माणसांनी मुद्दाम अर्ज भरले होते, मतपत्रिकेचं बाड व्हावं म्हणून. नलगोंड्यात तर ४८० होते. तेव्हा अनामत रक्कम होती फक्त ५०० रुपये. त्यानंतर ती १०,००० झाली, आता सर्वसाधारण उमेदवाराला २५,००० आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५०० आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा लागतात. विद्यमान खासदार असला तरी दहाच. मी छाननीत एका सूचकाचा मतदार यादीतला क्रमांक चुकला म्हणून अर्ज लटकलेला पाहिला आहे.

२०२४ ला ३,९२१ अपक्ष उभे होते, आले ७. पहिल्या निवडणुकीत ३७ आले होते आणि १९५७ ला ४२. चाळणी आपोआपच बारीक झाली आहे, आणखी भोकं बुजवायची गरज मला वाटत नाही.

विद्यमान खासदार असूनही आमच्या उमेदवाराचं नाव यंत्रावर अगदी खाली होतं, आणि त्याच नावाचे आणखी दोघे उभे होते. हे मुद्दाम केलं का?

खाली नाव येणं कुणी मुद्दाम केलेलं नसतं. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे, मग बाकीचे, आणि प्रत्येक गटात अक्षरानुक्रम. अपक्ष खासदार तिसऱ्या गटातच जाणार. एका बॅलट युनिटवर (मतदार बटण दाबतो ते यंत्र) १६ बटणं असतात, त्यामुळे कधीकधी तो दुसऱ्या यंत्रावर जाऊन बसतो, आणि म्हाताऱ्या मतदारांना दुसरं यंत्र दिसतच नाही.

नामसाधर्म्य हे मात्र बहुधा मुद्दामच. मंड्यात २०१९ ला सुमलतांच्या जोडीला आणखी तीन सुमलता होत्या. यावर कायदेशीर इलाज नाही, नाव ज्याचं त्याचं. २०१५ पासून यंत्रावर उमेदवाराचा फोटो छापतात, त्याने थोडा दिलासा मिळाला. फोटो नीट द्या एवढंच मी सांगेन. वीस वर्षांपूर्वीचा, काळ्याभोर केसांचा फोटो देणारे उमेदवार मी पाहिले आहेत; मतदार शोधत राहतो.

पाच वर्षांत एकटा माणूस संसदेत काय करणार? आमचे अपक्ष खासदार पुन्हा मत मागत आहेत, द्यायचं की नाही हे कशावरून ठरवू?

द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. कुठे बघायचं ते सांगते.

मोठ्या चर्चेतलं भाषण बघू नका. तिथे वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटतात, अपक्षांच्या वाट्याला शेवटची दोन-चार मिनिटं येतात, तीही घंटा वाजत असताना. प्रश्न बघा. प्रश्नांत सगळे खासदार सारखे. एका दिवसासाठी एका सदस्याला पाच सूचना देता येतात आणि निवड सोडतीने होते. रोज २० तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मिळणारे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात, सोडतीला पक्ष कळत नाही. शून्य प्रहरालाही सोडतच. लोकसभेच्या संकेतस्थळावर सदस्याचं नाव टाकलं की त्याचे प्रश्न उत्तरांसकट सापडतात. पाच-दहा काढून वाचा. "देशात किती विमानतळ आहेत" छापाचे असतील तर ते संख्या वाढवायला विचारलेत. तुमच्या कालव्याचं, तुमच्या रेल्वेफाटकाचं नाव घेऊन विचारलेला, उत्तर मिळाल्यावर पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारलेला प्रश्न सापडला तर माणूस काम करतो आहे.

स्थानिक विकास निधी सगळ्यांना सारखाच, वर्षाला ५ कोटी. कोविडच्या काळात एप्रिल २०२० पासून नोव्हेंबर २०२१ पर्यंत तो बंद होता. त्या लोकसभेच्या खासदाराचा हिशेब मांडताना तेवढं लक्षात ठेवा, नाहीतर बिचाऱ्यावर अन्याय होईल.

आणि एक प्रश्न तोंडावर विचारा: बहुमत अडलं तर तुम्ही कुणाबरोबर? पक्षादेश (व्हिप) नसल्यामुळे अपक्षाचं मत त्याचं स्वतःचं असतं, आणि १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने गेलं हे आपण पाहिलं आहे. ऑस्ट्रेलियात २०१० ला असाच पेच आला. टोनी विंडसर आणि रॉब ओकशॉट या दोन अपक्षांनी १७ दिवस विचार करून ज्युलिया गिलार्ड यांना पाठिंबा दिला. दोघांचेही मतदारसंघ परंपरेने दुसऱ्या बाजूचे. २०१३ ला दोघेही उभेच राहिले नाहीत, आणि विंडसर यांची जागा त्या दुसऱ्या बाजूने घेतली. निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. पण मतदाराला तो आधी माहीत असायला हवा होता, आणि उमेदवाराला त्याची किंमत.

एकाच प्रश्नावर निवडून आलेल्या अपक्षाने तो प्रश्न सुटल्यावर काय करायचं? (किंवा सुटला नाही तर?)

कंसातला प्रश्न जास्त अवघड आहे! इंग्लंडमधल्या वायर फॉरेस्ट मतदारसंघात रिचर्ड टेलर हे निवृत्त डॉक्टर २००१ मध्ये किडरमिन्स्टरच्या रुग्णालयातल्या सेवा कमी केल्याच्या रागावर निवडून आले. २००५ ला लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं, २०१० ला पाडलं. रुग्णालय एक होतं, पण नऊ वर्षांत मतदारांच्या मनात इतर गोष्टीही येतातच. मार्टिन बेल या पत्रकाराने १९९७ ला टॅटनमधून निवडून येताना आपण एकच मुदत राहू असं सांगितलं आणि तिथे पुन्हा उभे राहिले नाहीत. २००१ ला दुसऱ्या मतदारसंघातून लढले आणि हरले. मेनन यांच्यासारखं प्रत्येकाला जमत नाही.

पैशांचं काय? पक्ष नाही म्हणजे खर्च कमी, असं आमचे उमेदवार सांगतात.

उलट आहे. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ९५ लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. पक्षाचा स्टार प्रचारक हेलिकॉप्टरने आला तर त्याच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या नावावर चढत नाही. अपक्षाला स्टार प्रचारकच नसतो, त्याच्यासाठी जो येईल त्याची गाडी त्याच्याच हिशेबात. पक्षाला देणगी दिली तर देणाऱ्याला आयकरात वजावट आहे, अपक्ष उमेदवाराला दिली तर नाही. मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर फुकट वेळ मिळतो, अपक्षाला तोही नाही. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा, नाही दिला तर तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. हरलेले अपक्ष नेमके इथे अडकतात. निकालानंतर त्यांचा फोनच लागत नाही आणि मग नोटिसा घेऊन आमचा शिपाई दारोदार.

माझा भाऊ अपक्ष खासदारांचा मतदान प्रतिनिधी म्हणून बूथवर बसणार आहे. पहिलीच वेळ आहे. काही सूचना?

पुन्हा उभ्या असलेल्या अपक्षाची खरी अडचण इथेच असते. लोकसभा मतदारसंघात दोन हजारांच्या आसपास बूथ, आणि पहिल्या वेळी उत्साहाने बसलेली पोरं दुसऱ्या वेळी नोकरीला लागलेली असतात. तेव्हा तुमचा भाऊ बसतो आहे हे फार चांगलं.

नेमणुकीचा नमुना १० उमेदवाराच्या किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या सहीचा हवा, कोऱ्या नमुन्यावर आधीच घेऊन ठेवलेल्या सहीचा नको. मतदार ओळखपत्र बरोबर ठेवायचं. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, असतं, किमान ५० मतांचं. तिथे उशिरा गेला तर दिवसभर काहीही बोलायला तोंड राहत नाही. संध्याकाळी मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षांकडून नमुना १७-सी ची प्रत मागून घ्यायची. त्यात एकूण मतांचा आकडा आणि यंत्राचा क्रमांक असतो, मोजणीच्या दिवशी तोच जुळवायचा. केंद्राध्यक्ष थकलेले असतात, "नंतर देतो" म्हणतात. तिथेच उभं राहायचं. आणि सकाळी अभिरूप मतदान झाल्यावर कंट्रोल युनिट (मतं साठवणारं यंत्र) 'क्लिअर' होऊन शून्य आलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मगच सही.